खातं बंद करायच्या आदल्या दिवशी

१

गल्ल्याखालचा खण उघडा होता. पैसे जागच्या जागी होते. पट्टेरी पिशवी तेवढी नव्हती.

ही बातमी घेऊन गादीवाल्या जहीरभाईंची बायको अमिना भर उन्हात कामिनीबेनच्या ओट्यावर आली, तेव्हा तिच्या पायात चपलाही नव्हत्या. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती आणि शहाद्याचे रस्ते तव्यासारखे तापले होते. कामिनीबेननं आधी तिच्या पायांवर माठातलं पाणी ओतलं, मग तांब्या हातात दिला आणि ती पाणी पिऊन झाल्यावरच विचारलं, "काय व्हयनं?"

"चेकबुकनी पिशवी गयी, बेन. आज जाहिद बँकमा खातं बंद कराले जाई ऱ्हायंता. खण उघाडा, तं पिशवीच नही."

"आनि पैसा?"

"पैसाले हात बी नही लायेल."

 पैसे सोडून चेकबुक नेणारा चोर कामिनीबेननं आजवर पाहिला नव्हता, आणि तिनं पाहिलं पुष्कळ होतं. कळसाडी गावात राहायची तेव्हापासून हरवलेल्या वस्तूंसाठी लोक तिच्याकडे येत. कुणाची नथ, कुणाची शेळी, एकदा तर कुणाचा जावई. ती कधी शोधत फिरली नाही. एका जागी बसायची, दोन गोष्टी विचारायची, आणि बाकीचं काम तिची आठवण करायची. "हिच्यापुढं खोटं बोलायचं असेल तर आधी हिला विसरायला शिकवा," असं तिचे मालक मोतीलाल म्हणत. मोतीलाल गेले, तरी आठवण काही गेली नाही.

अमिनाची पिशवीही तिला आठवत होती. गादीच्या उरलेल्या लाल-पांढऱ्या कापडाची, अमिनानंच शिवलेली. दुकानाच्या चालू खात्याची चेकबुकं वर्षानुवर्षं तिच्यातच राहत आली होती.

"कोनावर वहीम शे?"

अमिनानं मान खाली घातली. "जाहिद म्हनस, काल दुपारले हेमकांत येल व्हता. गल्लाजवळच बठेल व्हता."

हेमकांत म्हणजे कामिनीबेनच्या बहिणीचा मुलगा. आई गेल्यापासून याच घरात वाढला आणि त्याच बँकेत कारकुनी करतो.

"सोमवारले जाहिद मोठा सायेबले लेखी देई," अमिना हळूच म्हणाली. "तुले आधी सांगं पाहिजे म्हनीसन मी उनू."

२

जहीर गादी भांडारात पाऊल टाकलं की पिंजलेल्या कापसाचा गरम वास येतो. कामिनीबेनला तो वास तिच्या लग्नाइतका जुना. तेव्हा इथं यंत्र नव्हतं. जहीरभाईंचे वडील धनुष्यासारखी पिंजण घेऊन बसत आणि तिची तार पार रस्त्यापर्यंत वाजे. बापाच्या शेतातला कापूस इथं आणायचा आणि त्याची गादी लेकीबरोबर सासरी धाडायची, अशी तिच्या गुजरांच्या घरातली रीत. प्रकाशा गावच्या माहेरच्या कापसाची कामिनीबेनची गादी तरुण जहीरभाईंनी भरली होती. आता तिच्या नातीची, प्रतिभाची, गादीही त्यांच्याच दुकानात भरली गेली होती आणि काल संध्याकाळी हातगाडीवरून घरी पोचली होती.

मागं यंत्र घरघरत होतं. जाहिदनं तिला पुढं, गल्ल्याजवळ खुर्ची दिली. अमिनाचा हा मुलगा बोलायला फटकळ, पण मनानं वाईट नव्हता.

"मावशी, मला बरं वाटत नाही बोलायला. पण दुसरं कोण? खातं बंद झालं तर त्यांच्याच बँकेचं गिऱ्हाईक जाणार. काल तो अब्बांशी किती वेळ कुजबुजत होता."

"पन खातं कसाले बदलतस?"

"बँक खाई राहिली आम्हाला. संक्रांतीपासून बघा, दर महिन्याला काही ना काही कापलेलं. चालू खात्याचे चार्जेस म्हणे. बस स्टँडसमोरची नवी बँक वर्षभर काहीच कापणार नाही."

"आनि वर्षानंतर?"

"मग शिल्लक ठेवावी लागेल. इथल्यापेक्षा जास्त." जाहिदनं कान खाजवला. "तेव्हाचं तेव्हा बघू."

"जुनी बँक कसाबद्दल कापस, इचारं का?"

"उताऱ्यात नुसतं चार्जेस येतं. शिल्लक कमी पडली असेल, दुसरं काय?"

कामिनीबेननं हे ऐकून ठेवलं. पावसाळ्यात तसं होतं, हे तिला ठाऊक होतं. हवा ओली झाली की कापूस नीट पिंजला जात नाही, दुकान झोपतं आणि खातं तळाला जातं. पण संक्रांत ते आखाजी म्हणजे लगीनसराई. दारापर्यंत गाद्यांची चळत लागलेली. भरल्या खात्याला शिल्लक कमी म्हणून दंड कसा?

जाहिदची बायको रिम्शा कोपऱ्यात शिलाई मशीनवर उशांचे अभ्रे शिवत होती. मान वर न करता ती म्हणाली, "माझंही नाव घ्या. नवं खातं नको, असं मीच बोलले होते."

"काबर नको?"

"नावाला अब्बांची सही, पण व्यवहार सगळा हे एकटे बघणार. अब्बा नुसते पाटीवर राहतील."

"ऐकलं?" जाहिद हसला. "घरातच वकील आहे अब्बांची. आणि अब्बा काय देतात तिला? उशांचे टाके शिकवले, पण गाठ शिकवत नाहीत. म्हणतात, माझी गाठ माझ्याबरोबर. उशी सुटते आणि बोलणी आम्ही खातो."

एवढ्यात यंत्र थांबलं आणि जहीरभाई पुढं आले. पांढरी दाढी, भुवयांवर कापसाचे तंतू. अमिनानं त्यांना चहा दिला, तो त्यांनी स्टीलचा ग्लास दोन्ही तळव्यांत धरून प्यायला. कामिनीबेन पाहत राहिली. हा माणूस जन्मभर बशीत चहा ओतून, फुंकर मारून पीत आला होता, आणि बशी एका हातावर अशी तोलायचा की थेंब हलत नसे.

"अब्बा," जाहिदनं एक कागद पुढं केला, "चेकबुक हरवल्याचा अर्ज दिला तरी खातं बंद होतं. सही करा म्हणजे झालं."

"आधी दखा. सापडी जाई," जहीरभाई म्हणाले. "सही मंग." आणि नमाजाला निघाले.

कामिनीबेनही उठली. पायरीवर ते तिच्यासाठी थांबले होते. आवाज खाली आणून म्हणाले, "बेन, तुमनी गादी परत धाडा. एक टाको ऱ्हायी गया."

ती घरी पोचेपर्यंत तेच घोळवत राहिली. एवढ्या वर्षांत जहीरभाईंनी गिऱ्हाइकाकडून गादी कधी परत मागितली नव्हती.

३

संध्याकाळी हेमकांत जेवायला बसला. कामिनीबेननं भाकरी वाढली आणि समोरच बसली.

"काल तू जहीरभाईंकडे कशाला गेला होतास?"

"बँकेचं काम होतं."

"कसलं?"

"मावशी, खात्यातली गोष्ट बाहेर सांगता येत नाही. तुलाही नाही."

"जाहिद सोमवारी साहेबाकडे तुझ्या नावानं लेखी देणार आहे. तू पिशवी नेलीस म्हणतो."

हेमकांतचा घास हातातच राहिला. मग त्यानं तो भाजीला लावला. "देऊ दे."

"नोकरी जाईल."

"चौकशी लागेल. मग जाईलही."

"नेलीस का?"

"नाही."

"मग कोणी नेली?"

"मला खरंच ठाऊक नाही." त्यानं मान वर केली. लहानपणी ताप आलेला लपवताना तो असाच पाहायचा. "पण याच्यापुढचं विचारू नकोस. मी एका म्हाताऱ्या माणसाला शब्द दिलाय."

तो हात धुवायला गेला. कामिनीबेन ताटासमोर बसूनच राहिली. पोरगा खोटं बोलत नव्हता. तो कुणालातरी झाकत होता, आणि त्यापायी स्वतः उघडा पडायला निघाला होता.

गादी परत धाडायची म्हणून ती आतल्या खोलीत गेली. दिवाणावर प्रतिभाची गादी पसरली होती. सवयीनं तिनं टाक्यांच्या ओळीवरून तळहात फिरवला, आणि हात अर्ध्यावरच थांबला.

ओळ वाकडी होती.

४

कामिनीबेननं दिवा लावला.

कडेच्या दोन ओळी ठीक होत्या, पण मधली ओळ नव्या बैलानं ओढलेल्या नांगराच्या तासासारखी इकडून तिकडे गेली होती. टाके कुठं जवळ, कुठं लांब. पहिल्यांदा तिच्या मनात आलं, हे रिम्शाचे. शिकाऊ हात आहे, घाईत तिला बसवली असेल.

मग तिनं गाठी पाहिल्या. प्रत्येक टाक्याखाली दोरा डावीकडून दोनदा फिरवलेला आणि त्याची शेपूट गादीच्या पोटात दडवलेली. ही गाठ तिला बोटांनीच ओळखू आली, कारण याच गाठींवर ती आयुष्यभर झोपत आली होती. आणि ही गाठ जहीरभाईंनी कुणालाही शिकवली नव्हती, सुनेलाही नाही.

म्हणजे गाठ उस्तादाची होती आणि ओळ मात्र उस्तादाची नव्हती.

दोन्ही तळव्यांत धरलेला ग्लास तिला आठवला. बाजूला सारलेला अर्जाचा कागद आठवला. आणि मग पार तरुणपणातला एक दिवस आठवला.

तेव्हा चालू खातं उघडायचं म्हणजे बँकेला ओळखीचा माणूस लागे. जहीरभाईंना ओळख द्यायला मोतीलाल गेले होते. आदल्या दिवशी जहीरभाईंनी दुकानाच्या भिंतीवर कोळशानं सही गिरवली. चौथीपर्यंतच शिकलेला माणूस, पण हात असा की नावाखालची लांब रेघ न थांबता सरळ ओढायचा. "सही कसली, टाक्यांनी ओळ शे ही," म्हणून मोतीलाल हसले होते. ती भिंत चुन्यानं पांढरी झाली, पण बँकेत तीच सही अजून जपलेली असणार. दुकानातून गेलेला प्रत्येक चेक तिच्याशीच ताडून पाहत असणार.

लगीनसराईत कापडाचा माल जास्त येतो. माल जास्त, म्हणजे चेकही जास्त. सही जुळली नाही की चेक परत, आणि चेक परत गेला की चार्जेस. शिल्लक कधी कमी पडलीच नव्हती. उद्या खातं कुठल्याही बँकेत नेलं असतं, तरी हा दंड मागोमाग गेला असता.

तिनं वाकड्या ओळीच्या टोकाशी दाबून पाहिलं. तिथं एक टाका खरंच राहिला होता, आणि कापसाच्या आत काहीतरी चपटं, कडक लागत होतं.

ती झटकन हात मागं घेऊन दिवाणाच्या काठावर बसली. पिशवी तिच्याच घरात होती, ज्या घरात हेमकांत राहतो. ती उसवून जाहिदपुढं ठेवली, तर कोण मानणार की भाच्यानं आणली नाही? आणि मानावं म्हणून सगळं उलगडून सांगायचं, तर एका उस्तादाचा थरथरता हात भर दुकानात उघडा करायचा.

बराच वेळ ती नुसती गादीवरून हात फिरवत राहिली. मग दिवा मालवून झोपायला गेली. गादीला तिनं सुई लावली नाही.

५

शनिवारी तिनं निरोप धाडला, गादी जड आहे, जहीरभाईंनीच यावं. ते दाभण घेऊन आले. हेमकांत प्रतिभाला घेऊन बाजारात गेला होता. कामिनीबेननं त्यांना आतल्या खोलीत बसवलं, म्हणाली, "मी चहा करस," आणि दार लोटून घेतलं. चहाला तिनं मुद्दाम वेळ लावला.

ती परत आली तेव्हा पट्टेरी पिशवी जहीरभाईंच्या मांडीवर होती. ती लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. तिनं ग्लास पुढं ठेवला. चहा अर्धाच भरलेला होता, सांडू नये एवढाच.

ग्लासाकडे पाहून ते समजले.

"कवय पासून शे?" तिनं विचारलं.

"दिवाळीनंतरनं. आधी दोराले गाठ पडेना. मंग सही डगमग कराले लागनी." ते हाताकडं दुसऱ्या कुणाचा असल्यासारखं पाहत होते. "कापडवाला चेक परत लयी येस, मी त्याले रोख देस. जाहिदले वाटस, बँक खास."

"आनि पिशवी?"

"नवी बँकवाला येवाना व्हता. तेन्हा समोर, सगळास्ना समोर, नवी सही करनी पडती. म्हनीसन दोन दिन लपाडी ठेई. एक टाको मोकळा सोडा, नमाजहून ईसन काढी दुसरीकडे ठेसू, म्हनं. तवशी जाहिदनी गादी हातगाडीवर टाकी दिधी."

कामिनीबेनला हसू आलं, मग वाईट वाटलं. "घरमा सांगाले काय व्हयतं? सही नही जमस तं नही जमस."

"सही गयी तं जावो, बेन." जहीरभाईंनी दाभण बोटांत फिरवलं. "पन हात थरथरस असं समजनं, तं त्या दाभण काढी लेतीन. बापना दाभण शे हाई. ते गयं, तं मी दुकानमा कसाले बसू?"

बाहेर कुणी भाजीवाली ओरडत गेली. कामिनीबेननं ती लांब जाऊ दिली.

"हेमकांतले ठाऊक व्हतं?"

"तोच चेक दखस ना. घर येईसन म्हने, चाचा, नवी सही द्या, बँक ठेई लेस, लाज कसानी? मीच त्याले कसम घाली, कोनले सांगू नको."

"त्यानी नही सांगं. माले बी नही." ती सरळ त्यांच्याकडं पाहत म्हणाली. "जाहिद म्हनस, पिशवी हेमकांतनी लियी. सोमवारले लेखी देई. पोरगानी नोकरी जाई."

जहीरभाईंचा चेहरा उतरला. "हाई माले कोनी सांगं नही."

"तुम्हीन यंत्रजवळ व्हतात. मी बी कोनले काही सांगाव नही. पिशवी तुमनी, हात तुमना."

चहा तसाच राहिला. जहीरभाई पिशवी छातीशी धरून उठले आणि म्हणाले, "चाला, बेन. एकला जास तं रस्तामा मन फिरी जाई."

६

त्यांनी दुकानात पिशवी गल्ल्यावर ठेवली आणि पेन मागितलं. जाहिदनं पुढं केलेल्या अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी सही केली. नाव कसंबसं आलं. खालची रेघ वर-खाली होत कागदाच्या कडेपर्यंत गेली.

"हाई मन्ही सही," ते म्हणाले. "चेक हिन्हामुळे परत येतस. पिशवी मीच लपाडी. हेमकांतना काही दोष नही."

जाहिद कागदाकडं पाहत राहिला. अमिनानं पदर तोंडाला लावला. तिला ग्लासाचं ठाऊक असावं, कारण ग्लास तीच देत होती. पण सहीपर्यंत तिचं मन पोचलं नव्हतं.

"अब्बा," जाहिद म्हणाला. जहीरभाईंनी दाभण त्याच्यापुढं ठेवलं. स्वतःहून. कुणी काढून घ्यायच्या आधी.

जाहिदनं ते उचललं, उलटं करून वडिलांच्याच हातात दिलं. "माझ्याकडं कशाला देता? गाठ कोण बांधणार?"

"टाके मी घालीन," रिम्शा मशीनवरून उठली. "गाठ शिकवा मात्र. नाहीतर मी पिशवी पुन्हा लपवीन."

पहिल्यांदा हसले ते जहीरभाई.

सोमवारी सगळी बँकेत गेली. कामिनीबेनही गेली, तिला कुणी बोलावलं नव्हतं तरी. हेमकांतनं नव्या सहीचं कार्ड पुढं ठेवलं. जहीरभाईंनी रांगेनं तीन सह्या केल्या आणि तिन्ही एकमेकींच्या फक्त चुलत बहिणी निघाल्या. साहेब समंजस होता. त्यानं त्या ठेवून घेतल्या आणि सोबत अमिनालाही सहीचा अधिकार द्यायचं सुचवलं. अमिनानं पेन दाभणासारखं मुठीत धरून आपलं नाव लिहिलं, मोठं आणि गोल. पावसाळ्यातल्या रिकाम्या खात्याचं दुखणंही तिथंच निघालं. बारक्या धंद्यासाठी कमी शिलकीचं चालू खातं त्याच बँकेत होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं. बस स्टँडसमोरच्या बँकेला जाहिदनं तिथूनच फोन करून नको म्हणून कळवलं.

मग तो जाळीपाशी जाऊन उभा राहिला. "हेमकांत, माझं चुकलं, भाऊ."

"तिथं चुकलेलं चाललं," हेमकांत म्हणाला. "फॉर्ममध्ये चुकू नकोस. खाडाखोड चालत नाही."

परतताना जहीरभाई कामिनीबेनच्या घरी वळले. गादीचा तो टाका अजून राहिलाच होता. त्यांनी वाकडी ओळ उजेडात पाहिली आणि ओशाळले.

"बेन, मधली ओळ उसवी टाकस. रिम्शा सरळ घाली देई. पोर सासरले लयी जाई, लोके दखतीन."

कामिनीबेन त्यांच्यासमोर पाटावर बसली होती. "बँकनी ठेई लियी ना तुमनी नवी सही?"

"ठेई लियी."

"मंग मी काबर परत करू?"

 जहीरभाईंनी दाभणात दोरा ओवायला घेतला. तो एकदा हुकला, दुसऱ्यांदा हुकला. कामिनीबेननं मदत केली नाही, नुसती वाट पाहिली. दोरा गेला. मग त्यांनी शेवटचा टाका घातला. तोही जरा वाकडाच गेला. दोरा डावीकडून दोनदा फिरला, शेपूट गादीच्या पोटात गेली, आणि गाठ घट्ट बसली.